तळ्याला लेखाशीर्ष नसते

मराठवाड्यातल्या जलाशयांचा तळ उघडा पडतो तो एप्रिलमध्ये. मे सरेपर्यंत तो कडक असतो, पोकलेन आणि टिप्पर आत उतरू शकतात. मृगाचा एखादा दमदार पाऊस झाला की काम थांबले. म्हणजे गाळ काढायला वर्षातले जेमतेम दोन महिने मिळतात. सरकारचे आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. जुन्या वर्षाचा निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने सुटतो तेव्हा तळात अजून पाणी नाहीतर चिखल असतो, आणि जो पैसा खर्च होत नाही तो परत जातो. नव्या वर्षाची तरतूद कागदावर १ एप्रिलपासून असते खरी, पण निधी वितरण, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश एवढी वाट चालून होईपर्यंत आषाढी वारी पंढरपूरच्या जवळ पोहोचलेली असते. तळे ज्या दोन महिन्यांत दुरुस्त होऊ शकते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत सरकारचा हात रिकामा.

तलावांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : निधी नाही. मला ते अर्धेच खरे वाटते. निधी येतो, पण तो योजनेच्या नावाने, खात्याच्या नावाने आणि वर्षाच्या नावाने येतो. तळ्याच्या नावाने येत नाही.

लातूर-नांदेडकडे निसर्गाने मोठी गोड्या पाण्याची सरोवरे दिलेली नाहीत. आमची सरोवरे म्हणजे धरणे : मांजरा, माकणीचे निम्न तेरणा, नांदेडचे विष्णुपुरी, बारूळचे मानार, लिंबोटीचे ऊर्ध्व मानार. माशांना, पाखरांना आणि तहानलेल्या शहरांना हा फरक कळत नाही, कायद्याला कळतो. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम माणसाने पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलसाठे आपल्या व्याख्येतूनच वगळतात. त्या एका वाक्याने आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले जवळजवळ सगळे मोठे पाणी नियमांच्या बाहेर गेले. २००१ पासूनच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेचा पैसा महाराष्ट्रात गेला तो पवई, ठाण्यातली तळी, कोल्हापूरचा रंकाळा अशा शहरी तळ्यांकडे. २०१३ मध्ये ती योजना पाणथळ जागांच्या योजनेत विलीन झाली. पुढे तिच्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटा ठरला. अमृत सरोवर ही २०२२ ची मोहीम जिल्ह्याला ७५ तळी मागत होती, पण एक एकराची आणि दहा हजार घनमीटरची, आणि तिला स्वतःचा पैसा नव्हता. रोजगार हमी, वित्त आयोग अशा इकडच्या तिकडच्या निधीतून ती भागवायची होती. याउलट धरणाच्या भिंतीसाठी २०२० मध्ये मंजूर झालेला धरण पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आहे, त्यात महाराष्ट्राची १६७ धरणे आहेत, आणि २०२१ चा धरण सुरक्षा कायदाही आहे. भिंतीची काळजी घ्यायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण भिंतीच्या आत जे साठते आहे, पाणी, गाळ, नाल्याची घाण, जलपर्णी, त्या सगळ्याकडे एकत्र पाहणारे कोणी नाही.

मांजराचेच पाहा. धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. बुडित क्षेत्र धाराशिवच्या कळंब तालुक्यापर्यंत पसरलेले. पाणी पिते मुख्यतः लातूर शहर, शिवाय अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब आणि लातूरची औद्योगिक वसाहत. नदी बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि येताना तिथल्या शेतांची माती घेऊन येते. धरणाची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ४७ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. आता या एका जलाशयाच्या कारभाराचे वाटे बघा. भिंत आणि कालवे जलसंपदा विभागाकडे, म्हणजे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. पाणलोटातले बंधारे मृद व जलसंधारणाकडे. शेतातली बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे. काढलेला गाळ हा गौण खनिज ठरतो की नाही, हे महसूल पाहणार. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसायाकडे. पाण्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पिण्याची पाइपलाइन महापालिकेकडे किंवा जीवन प्राधिकरणाकडे. जिल्हाधिकारी तीन, पालकमंत्री तीन, जिल्हा नियोजन समित्याही तीन. बीडच्या नियोजन समितीने आपल्या पैशातून लातूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बालाघाटच्या उतारावर झाडे का लावावीत? यात बीडकरांचा दोष नाही. त्यांच्या मतदाराला त्यातून काही मिळत नाही.

आणि तरीही सरकारला समन्वय जमत नाही असे म्हणता येत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरच्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागल्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर, दोन जिल्ह्यांची प्रशासने, राज्य सरकार, भारतीय रेल्वे, राजस्थानातल्या कोट्याला वाफेने धुतलेल्या टाक्या. हे सगळे काही दिवसांत जुळले. मे महिन्यात रेल्वेने चार कोटींचे बिल पाठवले तेव्हा ओरड झाली, पण बिलाचा आकडा माझ्या मनात राहिला तो निराळ्या कारणाने. तहान लागल्यावर इतका पैसा आणि इतकी माणसे एका रेषेत उभी राहू शकतात, आणि तहान लागू नये म्हणून राहू शकत नाहीत.

त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी आपले काम आपण केले. डॉ. अशोक कुकडे यांच्या पुढाकाराने ‘जलयुक्त लातूर’ नावाची चळवळ उभी राहिली, आणि साई ते नागझरी या अठरा किलोमीटरच्या पट्ट्यात मांजरा नदीचे पात्र लोकवर्गणीतून रुंद आणि खोल झाले. हे एप्रिल-मेमध्येच होऊ शकले, कारण लोकवर्गणीला मार्चअखेर नसते. सप्टेंबरअखेर धो धो पाऊस झाला, मांजरा भरले, आणि विषय संपला. लोकवर्गणीची मर्यादा इथेच आहे. ती घशाला कोरड पडल्यावर जमते. दर वर्षी थोडी थोडी, कोणी पाहत नसताना, ती जमत नाही. भरल्या धरणाच्या जोरावर त्या भागात पुन्हा ऊस उभा राहिला, ही गोष्ट कितीही अप्रिय असली तरी सांगायला हवी. तळाचा गाळ काढून जे पाणी वाढवायचे ते उसालाच द्यायचे असेल तर पुनरुज्जीवनाचा हिशेब आधीच फसलेला आहे.

मग गाळ काढण्याच्या योजनेचे काय? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ ची योजना मुळात चांगली. काळ्या मातीची झीज झालेल्या शेतात धरणाचा गाळ नेऊन टाकायचा, दोघांचेही भले. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अल्पभूधारकांना एकरी पंधरा हजारांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान ठरले. लहान जलसाठ्यांत हे बरे चालते. अडचण मोजणीची आहे. काम मोजले जाते ते उपसलेल्या घनमीटरांत. ज्या तलावात दर वर्षी वरून तेवढीच माती येते तिथला गाळ दर वर्षी उपसणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. पण पाणलोटात बांध घालून अडवलेल्या मातीचे घनमीटर कोणाच्याच बिलात येत नाहीत. वरच्या अंगाला पाणी अडवणाऱ्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला, आणि महालेखापालांच्या २०२० च्या अहवालाने त्याच्या परिणामावर बोट ठेवले. त्या अभियानाचे राजकीय गुणदोष बाजूला ठेवू. वरच्या अंगाला एक खाते पाणी अडवत होते आणि खाली दुसरे खाते तेच पाणी आपल्या धरणात येण्याची वाट पाहत होते, याचा ताळेबंद एकाही कागदावर नव्हता.

नांदेडची कहाणी निराळी आहे, तिथे पाणी आहे. विष्णुपुरीचे शंकर सागर बहुतेक पावसाळ्यात भरते, दरवाजे उघडावे लागतात, पाणी तेलंगणाकडे निघून जाते. तिथला प्रश्न शहराचा आहे. शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या २००८ मधल्या त्रिशताब्दीसाठी जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून नांदेडला कधी नव्हे एवढा पैसा आला. रस्ते, पूल, घाट, सांडपाण्याच्या वाहिन्या. तारीख ठरलेली होती, पाहुणे जगभरातून येणार होते, म्हणून केंद्र, राज्य, महापालिका आणि गुरुद्वारा एका टेबलावर बसले. सोहळा पार पडला आणि टेबल उठले. अशा योजना बांधायला पैसे देतात, चालवायला देत नाहीत. पंपिंग स्टेशनचे वीजबिल महापालिकेच्या गळ्यात पडते. गोदावरीत नाले आजही उतरतात, आणि उन्हाळ्यात घाटांसमोर जलपर्णी दिसते.

कंधारचा जगत्तुंग समुद्र यापेक्षा शहाणा वाटतो. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव आजही आहे. राजवटी गेल्या, भाषा बदलल्या, तरी तो टिकला, कारण त्याची पाळू आणि सांडवा पाहणे हे शतकानुशतके कोणाचे ना कोणाचे काम होते. आज तो कोणाचा, असे विचारले तर पुरातत्त्व, जलसंधारण आणि नगरपरिषद ही तिन्ही नावे निघतात.

बाहेर काय करतात? अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या पाच महासरोवरांसाठी १९७२ मध्ये करार झाला. १९८७ पासून त्यांतली ४३ ठिकाणे बिघडलेली म्हणून निश्चित केली गेली, आणि बिघाडाचे चौदा निकष ठरले : मासे खाता येतात का, पाणी पिता येते का, पोहता येते का, असे. तिथले सगळे बिघाड दूर झाले तरच ठिकाण यादीतून बाहेर पडते. २०१० पासून अमेरिकेने या कामाला एक सामाईक निधी दिला, पहिल्या वर्षी ४७.५ कोटी डॉलर. थैली एका संस्थेकडे, आराखडा पाच वर्षांचा, आणि बाकीची डझनभर खाती त्या थैलीतून आपापल्या कामाचे पैसे घेतात. श्रीमंत देशाचे उदाहरण देऊन काय उपयोग, असे कोणी म्हणेल. मग ओडिशाचे घ्या. चिल्का सरोवराचे विकास प्राधिकरण १९९१ मध्ये झाले, मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष; २००० मध्ये समुद्राकडचे नवे मुख उघडले आणि २००२ मध्ये चिल्का रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीतून बाहेर आले. पैसा तिथेही अपुराच होता. पण तो कोणाला मागायचा आणि कोणाला जाब विचारायचा, हे लोकांना ठाऊक होते.

नवे प्राधिकरण म्हटले की मला स्वतःलाच कापरे भरते. आणखी एक इमारत, आणखी गाड्या, आणखी एक रिक्त पद. आणि अशी संस्था टिकेलच असेही नाही : मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. म्हणून नवे घर नको. आहे त्या घरात एक खोली हवी. दर मोठ्या प्रकल्पाला कालवा सल्लागार समिती असतेच. तिची नजर आज फक्त खालच्या पाळ्यांवर असते, ती पाणलोटापर्यंत वर न्यावी आणि तिच्यात वरच्या जिल्ह्यांना मत द्यावे. निधी जलाशयाच्या नावाने, आणि ३१ मार्चला न मरणारा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात असा पैसा आपण ठेवतोच. खाणींना जे जमते ते पाण्याला जमू नये असे काही नाही. पैसा आणायचा कुठून, तर महापालिका, औद्योगिक वसाहत आणि साखर कारखाने घाऊक पाण्यासाठी जी पट्टी भरतात तिचा एक ठरलेला हिस्सा त्याच जलाशयापाशी ठेवून.

वेगवेगळी सरकारे ठरल्या दिवशी एकत्र येऊ शकतात, याचा पुरावा नांदेड जिल्ह्यातच आहे. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावर २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अवघ्या २.७४ टीएमसीचा तो बंधारा. तेव्हापासून १ जुलैला दरवाजे वर जातात, २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाते. देखरेखीच्या समितीत केंद्रीय जल आयोग आणि महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये आहेत. निकाल नांदेडच्या शेतकऱ्यांच्या सोयीचा नाही. दरवाजे पडतात तोवर पूर निघून गेलेला असतो. पण भांडणारी दोन राज्ये ठरल्या तारखेला एकाच बंधाऱ्यावर येऊन उभी राहतात. मांजरासाठी तर एकाच राज्यातल्या खात्यांना एकत्र यायचे आहे.

जलाशयाचा असा निधी खरोखर झालाच, तर पहिल्या वर्षी त्यातून एकही पोकलेन भाड्याने घेऊ नये. आधी तळाचे सर्वेक्षण करावे. मांजराचा साठा रोज वर्तमानपत्रात टक्केवारीत छापून येतो. ती टक्केवारी मंजूर क्षमता-तक्त्यावरून निघते; तक्ता जुना असेल तर टक्केवारीही जुनी, आणि तिच्यावर बेतलेले पिण्याचे आरक्षण आणि रब्बीच्या पाळ्याही जुन्याच. ते सर्वेक्षण मराठीत, गावांच्या नावांसह, ऑक्टोबरमध्ये समितीसमोर ठेवावे. उसाची लागण ठरायच्या आत.