आनंद कोणता, उन्माद कोणता?

साक्रीसारख्या गावात आठवड्याचे सातही दिवस बहुधा सारखेच जातात. कान नदीकाठच्या शेतात राबून आलेल्या माणसाला गार पाण्याचा घोट, गरम भाकरी, मगरिबनंतर घटकाभर सोबत, एवढेच सुख लाभते. शेजारी अडचणीत असताना या सुखाने आनंदित व्हावे काय?

पवित्र कुरआनात ‘फरह’ हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो. धनाने उन्मत्त झालेल्या कारूनला त्याचे लोक ‘फरह’पासून रोखतात (अल्-कसस, २८:७६), तर अल्लाहची कृपा व दया यांवर आनंदित होण्याची आज्ञाच आहे (यूनुस, १०:५८). सुख कोणाचे मानले, यावर हा भेद ठरतो. कारूनने ते स्वतःच्या ज्ञानाची कमाई मानली. श्रद्धावंत ते अल्लाहची देणगी मानतो. म्हणून कारूनला ऐहिक वाटा विसरू नकोस असे सांगतानाच, अल्लाहने केले तसे उपकार तूही कर, असेही बजावले गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना, रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्यास सांगितले. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. आपल्या भाकरीचा आनंद निःसंकोच घ्यावा. तिच्यातील चतकोर शेजारी पोहोचली, की त्या आनंदाचा शुक्र अदा होऊ लागतो.