एसजीपीटी ५४

चि. बाळास,


तुझं पत्र आणि तिन्ही रिपोर्ट मिळाले. उपचारांआधी एसजीपीटी ११२, गोळ्या संपल्या त्या आठवड्यात २९ आणि आता, पाच आठवड्यांनी, ५४. एसजीओटी ६८. आकड्यांपुढचा छापील तारा पाहून तू ठरवूनच टाकलंस की हिपॅटायटिस सी परत आला, सगळ्या गोळ्या फुकट गेल्या. आता दर आठ दिवसांनी खासगी लॅबमध्ये तपासणी करायची म्हणतोस आणि त्यासाठी उंबरगावच्या कारखान्यातून ॲडव्हान्स उचलायचीही तुझी तयारी आहे. तो ॲडव्हान्स घेऊ नकोस. आधी हे पत्र नीट वाच.

माझी सगळी नोकरी डहाणू-तलासरीकडे सरकारी प्रयोगशाळेत गेली, म्हणून रक्ताच्या नळीबद्दल मला जे कळतं ते सांगते. औषधाचं डॉक्टर सांगतील.

एसजीपीटी म्हणजे विषाणू नव्हे आणि विषाणूचं मोजमापही नव्हे. यकृताच्या पेशीत काम करणारं ते एक एन्झाइम आहे. पेशीला इजा झाली की ते रक्तात येतं. इजा कुणी केली, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. विषाणू असो, दारू असो, यकृतात साठलेली चरबी असो की क्षयाची एखादी गोळी, कागदावर आकडाच उमटतो. एसजीओटी तर एकट्या यकृताचं नाहीच. ते हृदयात असतं, हातापायांच्या स्नायूंत असतं, तांबड्या पेशींतही असतं. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना ते रक्तात वाढलेलं दिसलं, ते हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांमध्ये. यकृतासाठी ही तपासणी वापरात आली ती त्यानंतर.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला पुन्हा वाचायला लावते. सुट्टी काढून चार दिवस आवणीला गावी होतास आणि परत जाताना वाटेत तपासणीला रक्त दिलंस, असं तू लिहिलं आहेस. वर्षभर मशीनसमोर उभा राहणारा मुलगा चार दिवस गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावतो, जुड्यांची ओझी वाहतो, तेव्हा मांड्या आणि पाठ किती दुखते ते तुला ठाऊक आहे. सवय नसलेल्या कष्टाने स्नायूंच्या पेशी दुखावतात आणि एसजीओटी वाढतं, थोडं एसजीपीटीही वाढतं. निरोगी माणसांतही ते आठवडाभर वर राहिलेलं दिसलं आहे. तुझं एसजीओटी एसजीपीटीपेक्षा वर आहे, म्हणून मला स्नायूंचा संशय जास्त येतो. डॉक्टरांना आवणीचं सांग. हवं तर ते स्नायूंच्या इजेची तपासणी, सीपीके, लिहून देतील. ते वाढलेलं निघालं, तर कष्टांचा पुरावाच मिळेल.

दुसरी गोष्ट नमुन्याची. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली किंवा उन्हापावसात मोटरसायकलवरून दूर नेली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि एसजीओटी उगाच वर जातं. आमच्या टेबलावर लालसर झालेला सीरम दिसला की आम्ही नमुना परत मागवायचो. प्रत्येक लॅबची वरची मर्यादाही वेगळी असते, कुठे ४०, कुठे ५५. सरकारी दवाखान्यातले २९ आणि खासगी लॅबमधले ५४ शेजारी ठेवून तू जो चढ पाहतोस, तो दिसतो तेवढा सरळ नाही. पुढची तपासणी पहिल्या ठिकाणीच कर, आवणीचा थकवा पूर्ण गेल्यावर.

विषाणू गेला की नाही, याचं उत्तर देणारी तपासणी वेगळीच आहे. तिचं नाव एचसीव्ही आरएनए. गोळ्या संपल्यापासून बारा आठवड्यांनी ती करायची. तुझ्या बाबतीत ती तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. बाराच आठवडे का? गोळ्यांनी दबलेला विषाणू डोकं वर काढणार असेल तर बहुधा तेवढ्या अवधीत काढतो. त्या दिवशी तो रक्तात सापडला नाही, तर त्याला बरं होणं म्हणतात. त्यानंतर तोच विषाणू परतणं फार क्वचित घडतं. सोफोसबुविर आणि डाक्लाटासविरचा कोर्स नियमाने पुरा करणाऱ्या शंभरातले नव्वदहून अधिक जण असे बरे होतात, आणि तू एकही गोळी चुकवलेली नाहीस.

हे लिहिताना मला खरंच भरून येतं. मी नोकरीला लागले तेव्हा या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. ए नाही, बी नाही, अशी कावीळ, एवढंच म्हणत. तो सापडला १९८९ मध्ये. ज्यांनी ते काम केलं, त्यांना २०२० चं नोबेल मिळालं. मधल्या काळात उपचार होता तो इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा, सहा महिने ते वर्षभर. ताप, अशक्तपणा, उदासी, आणि खर्च एवढा की आपल्या पाड्यावरचा माणूस नाव ऐकूनच घरी जायचा. २०१५ पासून भारतात या गोळ्या स्वस्तात बनू लागल्या आणि २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तुझी आरएनए तपासणीही त्यातच होईल.

एक सावधगिरी. तुझं अँटीबॉडी कार्ड यापुढेही पॉझिटिव्हच येईल, बहुधा जन्मभर. ती शरीराने ठेवलेली जुन्या लढाईची नोंद आहे. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत ते पुन्हा पॉझिटिव्ह निघालं की कुणीतरी घाबरवेल. म्हणून सप्टेंबरच्या आरएनए रिपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेव आणि एक प्रत फाइलला लाव. रक्तदान मात्र करू नकोस.

तुझ्या खोलीतल्या मित्राला बी आहे म्हणून लिहितोस. त्याला तुझा सल्ला लागू नाही. बीच्या गोळ्या पुष्कळदा वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर घ्याव्या लागतात आणि मनाने बंद केल्या तर यकृत एकदम सुजू शकतं. ‘माझं तीन महिन्यांत संपलं, तूही सोड’ असं त्याला चुकूनही म्हणू नकोस.

आता घरचं. आईने तुझं ताट-पेला वेगळा ठेवलाय, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. हिपॅटायटिस सी जेवणातून, पाण्यातून, मिठीतून, खोकल्यातून पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. वस्तरा, ब्लेड, सुई तेवढी वेगळी ठेवायची. आणि धाकटीचे डोळे पिवळे दिसतात म्हणून ‘हिलाही लागण झाली’ असं जे आई म्हणते, त्याचं कारण बहुधा दुसरं आहे. तिला सिकलसेल आहे. आपल्या भागात तो घरोघरी ऐकू येतो. त्यात तांबड्या पेशी लवकर तुटतात, म्हणून बिलिरुबिन वाढून डोळे पिवळसर राहतात, एसजीओटीही वाढू शकतं. तरी तिला दोनदा रक्त चढवलं आहे, तेव्हा बी आणि सीची तपासणी तिची एकदा व्हायलाच हवी. संशय म्हणून नव्हे, रक्त घेणाऱ्या प्रत्येकाची व्हायला हवी म्हणून.

भगताकडे जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तुझ्या आजोबांचा तो आधार आहे. अंगारा लाव, नारळ वाढव. फक्त पोटात जाणारा पाला, मुळी किंवा काढा सध्या नको. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले होते. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. पण नुकतं बरं होऊ घातलेलं यकृत अशा वादात कशाला घालायचं? ताडी आणि मोहाचंही हेच. लग्नसराईत आग्रह होतो, मला ठाऊक आहे. आग्रह करणाऱ्याला माझं नाव सांग.

दुसऱ्यांदा लागण होऊ शकते, हेही खरं. एकदा बरा झालास म्हणून कवच मिळत नाही. महालक्ष्मीच्या जत्रेत एकाच सुईने दहा जणांचे हात गोंदणारा कुणी भेटला तर हात मागे घे. प्रत्येक तापाला इंजेक्शन मागू नकोस. घ्यावंच लागलं तर नवी सुई डोळ्यांसमोर फोडायला लाव.

यकृत किती घट्ट झालंय ही भीती तू शेवटी, बारीक अक्षरात लिहिली आहेस. खरा प्रश्न तोच, तो आधी विचारायचा होतास. उपचारांआधी तुझं एसजीओटी ७० होतं, प्लेटलेट दोन लाख दहा हजार. ७० ला वरच्या मर्यादेने, म्हणजे ४० ने भागायचं, शंभरने गुणायचं, हजारांतल्या प्लेटलेटने, म्हणजे २१० ने भागायचं: ०.८३. याला एपीआरआय म्हणतात. २ च्या पुढे गेला तर सिरॉसिसचा दाट संशय घेतात. सोनोग्राफीही स्वच्छ होती. ज्यांना सिरॉसिस असतो, त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. तुला ती लागेल असं आज दिसत नाही, पण हा प्रश्न डॉक्टरांना तोंडाने विचार आणि त्यांचं उत्तर केसपेपरवर लिहून घे.

डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद झाली, पोट फुगलं, रक्ताची उलटी झाली, किंवा एसजीपीटी शेकड्यांत गेलं, तर सप्टेंबरची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. बाकी ५४ साठी महिनाभर थांबायचं.

रविवारी मी तलासरीला येते आहे. आईला सांग, मी जेवायला थांबेन आणि तुझ्याच ताटात जेवेन. आरएनएच्या नमुन्यासाठी जाशील त्या दिवशी जुना केसपेपर न्यायला विसरू नकोस.

तुझी,
मावशी