उत्तरपूजेआधी

गेली २२ वर्षं मी पुण्यात घरोघरी पौरोहित्य करते. भाद्रपद चतुर्थीला पहाटेपासून सात-आठ घरचे गणपती बसवायचे असतात. यजमानांना सांगते, उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लावा. मग प्राणप्रतिष्ठेचे मंत्र, आणि १५ वेळा प्रणव. पंधराच का, तर गर्भाधानापासूनचे १५ संस्कार त्या मूर्तीवर तेव्हाच व्हायचे असतात. काल बाजारातून आणलेली शाडूची माती घटकाभरात गर्भात येते, जन्मते, तिचं बारसं होतं, मुंज होते. मग दूर्वेनं डोळ्यांना तूप लावायचं. आता देव बघतो.

प्राण येतो तो कुठून? मंत्रातून, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता तसं वाटत नाही, आणि त्याला कारण एक बाहुली आहे.

आईचं विटलेलं सुती नऊवारी होतं. त्याच्या चिंध्यांचा गोळा केला, वर कापड ओढून गळ्याशी दोऱ्याचे आठ-दहा वेढे दिले, की झालं मुंडकं. एक सुरळी आडवी बांधली, ते हात. पाय नाहीतच, खाली नुसता पातळाचा घोळ. डोळे म्हणजे काजळाचे दोन ठिपके. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तोंड काढायचं राहिलं. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिनं बाहुलीचं नाव शेवंती ठेवलं आणि संध्याकाळी तिला वरणभात भरवायला घेतला.

मी म्हटलं, "आण इकडे, तोंड काढून देते."

"आहे की तिला," ती म्हणाली, आणि पुढचा घास कालवला.

शेवंतीला कारलं आवडायचं नाही. तिला ताप यायचा. रुसली की ती भिंतीकडे तोंड करायची. हे सगळं त्या दोन ठिपक्यांमध्ये मावत होतं. रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंतानं १९०७ साली छापलेल्या एका निबंधात हेच सांगितलं आहे: जुन्या रुमालाला गाठी मारून आणि शाईच्या ठिपक्यांचे डोळे काढून केलेली बाहुली पुरे, उरलेला माणूस मूल मनानं पुरा करतं, सगळं तयार असलेली सुंदर बाहुली दिली तर मनाला काम उरत नाही. मला हे पटायला जर्मन निबंधाची गरज नव्हती. आमच्याकडचे तांदळे, म्हणजे पुरती मूर्ती न घडवलेले देव, बघा ना. माहूरच्या रेणुकेला नुसतं मुख आहे. गावच्या वेशीवरचा म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला दगड, त्याला फार तर डोळे लावलेले. पण त्याच्यासमोर उभी राहिलेली बाई पोराच्या आजारपणाचं सगळं त्याला सांगते आणि तो ऐकतो. त्याचे कान कुणी कोरलेत का, हे तिला विचारावंसंही वाटत नाही.

माझं लहानपण अकोल्याकडचं. भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी घरी यायचे ते कोजागिरीपर्यंत राहायचे. आम्ही पोरी रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणायचो, खिरापत ओळखायचो, कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर बांधायचो. भुलाबाई म्हणजे पार्वती, हे आम्हाला माहीत होतं. ती माहेरी आलेली आमच्यातलीच एक आहे, हेही माहीत होतं. ती देवी की बाहुली, हा प्रश्न मला पुण्याला आल्यावर पडला.

मूर्तिपूजा म्हणजे बाहुल्यांचा खेळ, असं म्हणणारे जुने आहेत. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजानं मूर्तिपूजा नाकारली, आणि तिथली माणसं मोठी होती. त्यांच्या विचारांचा मला आदर आहे. पण 'बाहुल्यांचा खेळ' ही शिवी कशी काय झाली? नामदेवांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लहानगा नामा नैवेद्य घेऊन राउळात जातो आणि विठ्ठल जेवत नाही म्हणून तिथेच अडून बसतो. मोठी माणसं तिला चमत्काराची कथा म्हणतात. शेवंतीचं जेवण रोज बघितलेल्या मला ती चार-पाच वर्षांच्या कुठल्याही लेकराची कथा वाटते. प्राण हाताखालच्या दगडात किंवा चिंधीत आधीपासून नसतो. तो ज्याचा हात असतो त्याच्याकडून जातो. म्हणून तर शास्त्रानं हात हृदयाला लावायला सांगितला. मुलाला ते सांगावं लागत नाही, ते बाहुलीला छातीशीच धरतं.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधीची आवराआवर चालली होती. शेवंतीचा एक हात निखळला होता, काजळ पसरून चेहरा काळा झाला होता, तेलकट वास यायचा. मी ती कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि सकाळी घंटागाडी येऊन गेली. नात तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेतून आल्यावर तिनं पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. मी 'असेल इथेच' म्हणाले. पुढचे चार दिवस ती रोज रात्री वाकून पलंगाखाली बघायची.

पाचव्या दिवशी एका घरी उत्तरपूजा होती. मी अक्षता हातात घेते आहे तोवर यजमानांच्या मुलानं घाईनं मूर्ती उचलायला हात घातला. मी ओरडलेच, "थांबा, देव अजून आहेत तिथे!" आणि पुढचा मंत्र मला आठवेना. दीड दिवसाच्या मातीला आपण विचारून निरोप देतो. अक्षता वाहतो, मग मूर्ती जागेवरून जरा सरकवतो, मगच उचलतो. दोन वर्षं घरात जेवलेल्या शेवंतीला मी न विचारता उचललं होतं.

त्या रात्री नातीला खरं सांगितलं आणि तिची क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग पलंगाच्या ज्या कोपऱ्यात शेवंती निजायची तिथे आम्ही दोघींनी अक्षता ठेवल्या. मंत्र मी म्हटला नाही. जे काही बोलायचं होतं ते नातच बोलली, आणि ते तिच्याच भाषेत होतं.

आता पुन्हा गणपती जवळ आले आहेत, घराघरांत आवराआवर सुरू होईल. हात तुटलेली, वास येणारी एखादी चिंधी तुमच्या हाती लागेल. ती पिशवीत टाकण्याआधी, जिनं तिला जेवू घातलं आहे तिला एकदा विचारा.