प्रतीक्षा आणि उपेक्षा

रोग आपोआप ओसरेल, असे वैद्याने सांगितले म्हणजे माता-पित्यांचे कर्तव्य संपते काय?

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर येथे एखाद्या गृहस्थाच्या घरी तान्हे मूल दूध पिताना धापा टाकते, घामाघूम होते, त्याचे वजन वाढत नाही, अशी कल्पना करावी. झाशीस नेऊन तपासल्यावर हृदयाच्या पडद्यास छिद्र आढळते, आणि स्नायूंत एक गाठही दिसते. हजार नवजात बालकांपैकी सुमारे 8 ते 9 बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. गाठ मात्र फार विरळ. दोन्ही एकत्र असणे त्याहूनही विरळ.

बालकांच्या हृदयात सर्वाधिक आढळणारी गाठ रॅब्डोमायोमा होय. ती कर्करोगाची नसते आणि पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत स्वतःच आकसत जाते. रक्ताचा मार्ग अडत नसेल व ठोके नियमित असतील, तर शहाणा शल्यवैद्य शस्त्र खाली ठेवतो. परंतु फायब्रोमा नावाची गाठ सहसा विरत नाही. आणि लहान छिद्र कधी आपोआप बुजले, तरी मोठ्या छिद्रास बहुधा उपचारच करावा लागतो. एकाच हृदयातील एक विकार धीर मागतो, तर दुसरा तत्परता.

कर्म कोणते आणि अकर्म कोणते, याविषयी ज्ञातेही मोह पावतात, असे गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. येथे तोच प्रश्न पाळण्यापाशी उभा राहतो. हात आवरणे हे बाहेरून अकर्म दिसते. पण ठरल्या दिवशी पुन्हा तपासणी करणे, बाळाचा श्वास व वजन पाहणे, झटके किंवा त्वचेवर फिकट डाग दिसल्यास तत्काळ वैद्यास कळविणे, हे सारे त्यात असेल तर ते जागृत कर्मच होय. कारण अशी गाठ कधी मेंदू, त्वचा व मूत्रपिंडांवर परिणाम करणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस या विकाराची पहिली खूण असते. उलट, 'देव पाहून घेईल' म्हणून घरी बसणे ही प्रतीक्षा नव्हे, उपेक्षा होय.

अशा वेळी शेजारीपाजारी मातेच्या पापाचा हिशेब मांडतात. वस्तुतः त्या विकारास कारणीभूत होणारा जनुकातील बदल बहुतेक वेळा आई-वडिलांपैकी कोणातही नसतो. तो बालकातच नव्याने घडलेला असतो. ज्या मातेने रात्री जागून काढल्या, तिच्यावर दोष ठेवणे हा धर्म नव्हे. तिच्यासोबत झाशीची पुढची खेप करणे, हा मात्र धर्म निश्चित आहे.