कुठली खोड चालेल?

एक गाडी लँड रोव्हरची डिफेंडर, दुसरी मर्सिडीजची जीएलई. दोन्हींची शोरूममधली किंमत कोटीच्या घरात, वर आरटीओचा कर आणि विमा. लँड रोव्हर टाटांनी 2008 साली फोर्डकडून विकत घेतली, म्हणून तिला आपली म्हणावं, तर डिफेंडर तयार होऊन येते स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरातून. मर्सिडीज पक्की जर्मन, पण जीएलईची जुळणी होते चाकणला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. माझा मित्र चाकणच्या कारखान्यांना पॅकिंगची लाकडी खोकी पुरवतो. ‘आपली गाडी कुठली’ इथूनच त्याचा गोंधळ सुरू झाला आणि उन्हाळ्यापासून तो चालूच राहिला.

तळेघर हे त्याच्या आईचं माहेर. राजगुरुनगर-वाड्याकडून येणारा आणि मंचर-घोडेगावकडून डिंभे धरणावरून येणारा, असे भीमाशंकरचे दोन्ही रस्ते तिथं मिळतात. मामा एसटीत ड्रायव्हर होते. भीमाशंकरच्या मुक्कामी गाडीवर त्यांनी नोकरीतली बरीच वर्षं काढली. आम्ही गेलो तेव्हा आषाढ लागला होता. मामांना चिखलणीला जायचं होतं आणि भाच्याला निकाल हवा होता.

भाचा : मामा, दोन्ही चालवून बघितल्या. दोन्ही चांगल्या. म्हणूनच अडलंय.

मामा : दोन्ही चांगल्या तर कुठलीबी घे. वाईट निघायची भीती नाय, मग अडलं कशापायी?

भाचा : एक वाईट असती तर सोपं होतं.

मामा : मग चिठ्ठ्या टाक. देवापुढनं एक उचल.

भाचा : कोटी रुपयांची चिठ्ठी?

मामा : हजाराची वस्तू असती तर टाकली असतीस?

भाचा : टाकली असती.

मामा : म्हंजी रीत चुकीची नाय, रक्कम मोठी हाय एवढंच.

इथं मला तोंड घालायचा मोह झाला. अकराव्या शतकातल्या गझाली या इराणी विचारवंतानं हीच अडचण दोन खजुरांवर मांडली आहे. माणूस भुकेला आहे, समोर अगदी सारखे दोन खजूर आहेत आणि घ्यायचा आहे एकच. फरकच नाही तर निवड कशी होणार, असं त्याच्या प्रतिपक्षाचं म्हणणं. गझाली म्हणतो, माणूस बिनदिक्कत एक उचलेल. सारख्या दोन वस्तूंत भेद करायचा, हेच तर इच्छेचं काम. युरोपात या कोड्यात खजुरांच्या जागी गवताच्या दोन पेंढ्या आल्या आणि माणसाच्या जागी गाढव. ते निवड न झाल्यानं उपाशी मरतं. गाढव ब्युरिदान या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावर खपतं, पण त्याच्या उपलब्ध लेखनात ते सापडत नाही.

मामा : सर, गाढव असलं कधी मरत नाय. ह्यो रोग माणसालाच. पण मला सांग रं, एखाद्यानं किंमत दोन लाखांनी उतरवली तर?

भाचा : उतरवलीय की. मर्सिडीजवाल्यानं. तरी ठरत नाही.

मामा : मग त्या सारख्या कशा? वजन सारखं असतं तर दोन लाखानं पारडं खाली गेलं असतं. तुझ्याकडं तराजूच दोन हायत.

आजच्या तत्त्वज्ञानात हा मुद्दा रूथ चँग यांच्या नावाशी जोडला जातो. दोन पर्याय खरोखर समसमान असते, तर एकात केलेली जराशी सुधारणा निकाल लावून गेली असती. ती लावत नाही, याचा अर्थ ते समान नाहीत. एक सरस आणि दुसरा कमी असंही नाही. ते एकमेकांच्या तोडीचे आहेत, पण वेगवेगळ्या गुणांनी. चँग पुढं म्हणतात, अशा वेळी कारणं बाहेर शोधत बसू नये. माणसानं एका पर्यायामागं स्वतः उभं राहायचं आणि आपण कोण हे त्यातून घडवायचं. हे मी बऱ्याच उत्साहानं सांगितलं.

भाचा : शोरूममधला पोरगापण अगदी हेच म्हणाला. ‘सर, ही गाडी म्हणजे तुम्ही कोण आहात ते.’

यावर मी गप्प बसलो. जाहिरातवाल्यांनी तत्त्वज्ञानातलं एक चांगलं वाक्य असं वापरून गुळगुळीत केलं की ते पुन्हा तोंडात घ्यायची लाज वाटते. चँग यांचा विचार खोटा ठरत नाही. पण कोटीची वस्तू विकणाऱ्यालाही तो तितकाच सोयीचा आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मामा : बरं, तू कोण हायस ते ऱ्हाऊदे. गाडी कशासाठी पाहिजे?

भाचा : सुरक्षितता, मामा. हा घाट, हे धुकं, हा पाऊस. डिफेंडर नऊशे मिलिमीटर पाण्यातून जाते.

मामा : नऊशे म्हंजी तीन फूट. पुलावर तीन फूट पाणी हाय आणि तू गाडी घालणार? आम्हाला शिकवण एकच, पुलावरनं पाणी चाललं की गाडी अलीकडं उभी करायची. पाशिंजरं बोंबलू देत.

भाचा : पण वेळ सांगून येत नाही ना.

मामा : माळीण सांगून गेली? 30 जुलै 2014. डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. रोजच्या रस्त्यावर गाव जिथं दिसायचं तिथं दिसंना, म्हणून. त्याच्या गाडीला काय होतं? जुनं इंजिन आन् दोन वायपर. तिथं तुझ्या दोन्ही गाड्या सारख्याच गेल्या असत्या. सुरक्षिततेचं कारण यादीतनं काढ.

भाच्यानं ते काढलं. मला तर वाटतं, महागड्या खरेदीत हे कारण नेहमी सगळ्यात वर लिहिलेलं असतं, कारण त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

एका प्रश्नाची मात्र मी कधीची वाट बघत होतो, तो मामांनी विचारलाच नाही. शेवटी भाच्यानंच काढला.

भाचा : एवढ्या पैशाची गाडी घ्यावी का, हे तुम्ही विचारलं नाही.

मामा : ते तू ठरवून आलायस. ठरलेलं असताना इचारून तुझा अपमान कशाला करू? घ्यायची नसंल तर तसं सांग, आत्ता चिखलणीला चल.

एसटीच्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाकडून मला एक भाषण अपेक्षित होतं. ते आलं नाही, याचं मला बरं वाटलं.

भाचा : घेतल्यावर पस्तावलो तर?

याचं उत्तर माझ्याकडं होतं. 1956 साली जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं बायकांना घरगुती वापराच्या वस्तूंना गुण द्यायला सांगितले, मग त्यांतल्या दोन पुढं ठेवून एक निवडायला लावली आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली वाटत होती आणि सोडलेली फिकी. दोन्ही जवळजवळच्या असल्या की हा फरक ठळक पडे.

भाचा : म्हणजे मन स्वतःला फसवतं.

मामा : फसवत नाय, नांदायला लागतं. आता ऐक. डेपोत गाडी निवडायची सोय नव्हती. ड्युटीला जी लागंल ती घ्यायची. पण परत्येक गाडीची खोड म्हाईत असायची. एकीचा दुसरा गिअर पडायचा नाय, एक चढाला तापायची. गुण कुणी सांगत नव्हतं, गुणाशी ड्रायव्हरला काम पडत नाय. काम खोडीशी पडतं. तू मघापासनं मला गुण सांगतोयस. खोडी सांग. कुठल्या गाडीची खोड तुला चालंल?

मामांची ही कसोटी मला माझ्या सगळ्या पुस्तकी दाखल्यांपेक्षा सरस वाटली. गुण दोन तराजूंत विभागलेले असतात. पण खोड येते ती एकाच माणसाच्या वाट्याला, त्याच्याच डोक्याला, आणि तिथं तुलना करता येते.

भाचा : डिफेंडरचं मागचं दार आडवं उघडतं, वर स्टेपनी त्याच दारावर. मंचरच्या बाजारात मागं गाडी लागली की दार उघडणार नाही. पार्ट बाहेरून येणार. शिवाय उंच.

मामा : आन् दुसरीची?

भाचा : ती डांबरी रस्त्याची गाडी. चिखलात, वाडीवरच्या वाटेला मन धजणार नाही. आणि चाकणच्या कंपन्यांत जाल तिथं साहेबाची तीच उभी.

मामा : हे शेवटचं गाडीची खोड नाय, तुझी हाय. बरं, आक्काचे गुडघे धरतात. तिला कुठलीत चढता येतं?

भाचा : डिफेंडर थांबली की थोडी खाली बसते. तरी जीएलईत चढायला सोपं.

मामा : तिला बसवून बघितलंस?

भाचा : नाही.

मामा : आधी ते कर. बहीण माझी हाय म्हणून सांगतो.

त्यानं ते केलं. आई पायरी लावलेल्या डिफेंडरमध्ये हात धरून चढली आणि ‘बसेन मी कशातही’ म्हणाली. आयांच्या या वाक्याला पुरावा म्हणून काहीही किंमत नाही. भाच्यानं मात्र त्याच आठवड्यात डिफेंडर बुक केली. कारण मामांच्याच कसोटीतलं : दार अडलं तर हसू येईल, पण चिखलाच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली तर प्रत्येक वेळी चिडचिड होईल.

मला हा निकाल पटत नाही. कसोटी चांगली होती, वापरणाऱ्यानं ती अर्धीच वापरली. खोड किती टोचते हे त्यानं मोजलं, किती वेळा टोचते हे मोजायचं राहिलं. त्याचा रोजचा रस्ता पुणे-नाशिक महामार्ग आहे, चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून जाणारा. चिखलाची वाट वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळची. मी असतो तर जीएलई घेतली असती, तीही दोन लाख कमी देऊन. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘सर, तुम्ही तुमच्या पैशानं घ्या.’

गाडी श्रावणाच्या आधी मिळेल, असं त्याला सांगितलं गेलं आहे. पहिल्या सोमवारी आई आणि मामांना घेऊन तो भीमाशंकरला निघणार आहे. गर्दीच्या त्या दिवसांत खासगी गाड्या अलीकडच्या वाहनतळावर थांबवतात आणि तिथून मंदिरापर्यंत एसटीच्या मिनीबसनं जावं लागतं.