जें लिहिलें तें, कीं जें असावयास हवें तें?

पूर्वीं कधीं न पाहिलेला स्वरलेख पुढें ठेवून, सरावावांचून, तो लागलाच पियानोवर वाजविणें यास पाश्चात्य संगीतांत मोठें कसब मानितात. पाहणारास वाटतें कीं, डोळा एक खूण पाहतो व बोट तो स्वर दाबतें. मग दुसरी खूण, दुसरा स्वर. चांगला वाजविणारा असें करीत नाहीं. जॉन स्लोबोडा ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वादन चालू असतांच स्वरलेख दृष्टीआड केला. त्यानंतरही कच्चे वाचक तीन-चार स्वर बरोबर वाजवीत, तर तरबेज वाचक सातांपर्यंत जात. हात मागें असतो, डोळा पुढें गेलेला असतो.

आणि डोळ्याच्याही पुढें अनुमान धांवतें. निरक्षर शेजाऱ्यास पत्र वाचून दाखविणारा मनुष्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पत्राचा मायना तो वाचीत नाहींच. शाईवर नजर पडण्यापूर्वीं तो त्याच्या तोंडून निघून गेलेला असतो. मग ह्यास वाचणें म्हणावें काय?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेंतला नव्हे. योहानेस ब्राम्स ह्या जर्मन संगीतकाराच्या ७६ व्या कृतींतील दुसरी रचना बोरिस गोल्डॉव्स्की ह्या संगीतशिक्षकापुढें एक विद्यार्थिनी वाजवीत होती. तिचीं बोटें तयार होतीं, पण स्वरलेख वाचण्यांत ती कच्ची होती. पेटीवाल्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर, एके ठिकाणीं काळी चार हवी असतां तिनें शेजारची पांढरी पांच दाबली. गुरूनें चूक सुधारावयास सांगितलें, तेव्हां ती गोंधळून म्हणाली कीं, लिहिलें आहे तेंच मीं वाजविलें. पाहतात तों खरेंच तसें छापलेलें! चूक छपाईची होती. पुढें गोल्डॉव्स्कींनीं निष्णात वाचकांस ती रचना देऊन, हिच्यांत छपाईची एक चूक आहे, ती शोधा, असें सांगितलें; हवें तितक्या वेळां वाजविण्याची मुभा दिली. एकासही ती सांपडली नाहीं. प्रत्येकाचें बोट तेथें आपण होऊन काळी चारवर जाई. ही हकीकत १९७६ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

आतां खरें वाचिलें कोणी? मुलीनें अक्षर वाचिलें, पण तें त्या जागीं शोभत नाहीं हें तिच्या कानास कळलें नाहीं. निष्णातांनीं संगीत वाचिलें, पण कागद वाचिला नाहीं. मुलीच्या प्रामाणिकपणाची स्तुति करून निष्णातांस दोष द्यावा असा मोह होतो. तो आम्हांस योग्य वाटत नाहीं. गाणारी मंडळी उभी असतां साथ करणारा प्रत्येक खूण ताडून पाहूं लागला, तर ताल मोडून सर्वांचाच खोळंबा होईल. शिवाय ब्राम्सला हवा होता तोच स्वर त्यांनीं वाजविला, हें विसरूं नये. दोष पुढें आहे. चूक आहे असें सांगितल्यावरही त्यांस ती दिसेना. जें अनुमान साह्यास आलें होतें तेंच डोळ्यांवर झांपड होऊन बसलें. संगीतकारानें जाणूनबुजून अपेक्षेविरुद्ध स्वर लिहिला असेल, तर असा वाचक तोही सुधारून टाकील, आणि आपण कांहीं बदललें हें त्यास कळणारही नाहीं. (तोंडपाठ झालेला शास्त्रपाठ वाचून दाखवितांना उपदेशकांनीं हें ध्यानांत ठेविलें तर बरें, पण तो विषय वेगळा.)

असा स्वर ओळखणारा वाचक नॉर्वेच्या एडव्हर्ड ग्रीगनें प्रत्यक्ष पाहिला. १८७० सालीं रोम शहरीं त्यानें आपल्या पियानो-कन्चेर्टोचें हस्तलिखित फ्रान्झ लिस्टपुढें ठेविलें. ग्रीगची स्वतःची तयारी नव्हती, म्हणून लिस्टच तें पाहतांक्षणीं वाजवूं लागला. आरंभ त्यानें फार जलद घेतला, असें ग्रीगनेंच लिहिलें आहे. पण धुनेंतील जो स्वर आधीं काळी चारचा होता, तो अगदीं शेवटीं वाद्यवृंदाच्या ओळींत पांढरी पांचचा होतो. कागदावर फरक एवढासा. काळी चार येणार अशी ज्याची अपेक्षाच नाहीं, त्यास तेथें नवें कांहींच वाटणार नाहीं. ज्याची अपेक्षा घट्ट होऊन बसली आहे, तो काळी चारच वाजवून पुढें जाईल. लिस्ट थांबला. उठून, ती धून मोठ्यानें गात तो त्या दालनांत चालूं लागला, आणि तो स्वर येतांच हात पुढें करून, हा काळा नव्हे, पांढरा, असें आनंदानें ओरडला. मग पियानोपाशीं परत जाऊन त्यानें तेवढा भाग पुन्हां वाजविला व रचना संपविली.