मोडलेली मांड

खोगिरावर बसलेल्या स्वाराच्या मांड्यांची पकड आणि कमरेचा तोल एकत्र येऊन जी स्थिर बैठक तयार होते, तिला मराठीत ‘मांड’ म्हणतात. ही मांड सरावाने बसते, कालांतराने पक्की होते आणि बुजऱ्या घोड्याने एकदा जमिनीवर आपटले की मोडतेही. मुका मार काही दिवसांत बरा होतो, परंतु पुन्हा रिकिबीत पाय घालताना स्वाराची मूठ लगामावर आपोआप आवळते, गुडघे वर चढतात आणि काल ज्याच्या पाठीवर तो निर्धास्त बसला होता तोच घोडा त्याला परका वाटू लागतो. या अवस्थेला भित्रेपणा म्हणून मोकळे होणे हे त्या स्वारावर अन्याय करणारे आहे, कारण त्याला जे भेडसावते आहे तो ज्ञानाच्या खरेपणाविषयीचा एक जुना प्रश्न आहे: आपण ज्यावर विसंबतो ते खरे आहे, हे ठरते कशाने?

भारतीय दर्शनांत या प्रश्नाला प्रामाण्यवाद, म्हणजे ज्ञान प्रमाण कशाने ठरते याचा विचार, असे नाव आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला खोटे ठरवणारा अनुभव, म्हणजे ‘बाधक’, समोर येईपर्यंत त्यावर शंका घेण्याचे कारण नसते. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आल्यावर, ठरते, आणि यासाठी त्यांचे नेहमीचे उदाहरण पाण्याचे आहे: दुरून दिसलेले पाणी खरेच पाणी होते हे तहान भागल्यावर कळते. पडण्यापूर्वीचा स्वार, नकळत का होईना, मीमांसक असतो. घोडा आपल्याला पाडणार नाही हे त्याने कधी तपासलेले नसते आणि तपासण्याची गरजही त्याला भासलेली नसते. पडणे हा बाधक. त्यानंतर त्याला नैयायिकाच्या वाटेने जावे लागते, आणि तेथे एक पेच उभा राहतो, तो असा की खात्री झाल्याशिवाय त्याला घोड्यावर बसवत नाही आणि बसल्याशिवाय खात्री होण्याचा मार्ग नाही.

न्यायपरंपरेने हा पेच ओळखला होता आणि तिचे उत्तर विलक्षण माणुसकीचे आहे. कृतीसाठी निश्चय आधी हवाच असे नाही, व्यवहारातल्या गोष्टींत संशय असतानाही माणूस पाऊल टाकू शकतो आणि निश्चय मागाहून येतो, असे ती सांगते. जैन तार्किकांनी यात आणखी एक भेद दाखवला: परिचयाच्या स्थितीत, म्हणजे अभ्यासदशेत, प्रामाण्य स्वतः कळते आणि अपरिचित स्थितीत, म्हणजे अनभ्यासदशेत, ते बाहेरून ठरवावे लागते. मांड मोडलेल्या स्वाराचे दुःख नेमके हे आहे की तो अभ्यासदशेतून अनभ्यासदशेत ढकलला गेला आहे, आणि तेही जुन्या, ओळखीच्या पाठीवर.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील वालूर येथे एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्या सरळ रेषेत न उतरता आतल्या बाजूने गोल फिरत, एखाद्या वेटोळ्याप्रमाणे, पाण्याकडे जातात. काठावरून खोल तळ आणि पाणी समोरच दिसते, पण सरळ वाट नाही. प्रत्येक फेरीत तीच भिंत पुन्हा हाताशी येते, फक्त थोड्या खालच्या अंगाने. नैयायिकांच्या पाण्यापर्यंत संशय घेऊन जाणाऱ्याची वाट अशीच असावी. योगदर्शनात समाधीच्या संदर्भात आलेला एक सिद्धांतही याच बाजूचा आहे: एका संस्काराला, म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटलेल्या ठशाला, अडवू शकतो तो दुसरा संस्कार. म्हणून ‘घाबरू नकोस’ हा उपदेश कितीही कळकळीने केला तरी पडण्याच्या ठशापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे पोहोचतात त्या घोड्याला हाती धरून चालवण्याच्या, खरारा करण्याच्या, नुसते बसून उतरण्याच्या आणि चार पावले चालवून थांबवण्याच्या फेऱ्या.

मात्र येथवरचा विचार एकट्या स्वाराचा झाला, आणि घोडाही घाबरलेला आहे ही गोष्ट त्यात आलीच नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला जे रथाचे रूपक सांगतो त्यात आत्मा रथाचा स्वामी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. रूपक थोर आहे, परंतु त्यातला घोडा उधळतो तो विषयांच्या ओढीने, भीतीने नव्हे. खरा घोडा बहुधा भीतीने उधळतो. कळपाने राहणारा आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारा हा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, पण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, आणि जे अकस्मात हलते त्यापासून आधी पळावे, मग पाहावे, हा त्याचा स्वभावधर्म आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथात बजावले आहे की बुजलेल्या घोड्याला मारल्यास ती वेदना तो समोरच्या वस्तूशीच जोडतो आणि त्याचे भय वाढते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, घोडा नेताना एका ठिकाणी छत्री उघडली जाईल असे माणसांना सांगण्यात आले; छत्री उघडली गेलीच नाही, तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. जी छत्री घोड्याला दिसली नाही, जिच्याविषयी त्याला काही ठाऊक असण्याची शक्यता नाही, तिचे भय त्याच्यापर्यंत माणसाच्या देहातून गेले.

म्हणून लगाम आवळणे हा उपाय उलटा ठरतो, आणि म्हणूनच आषाढी वारीतल्या रिंगणाकडे या दृष्टीने पाहावेसे वाटते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तिच्यावर प्रत्यक्ष माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, हजारो माणसांच्या मधोमध तो मोकळ्या पाठीचा घोडा दौडतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात श्रद्धेला चित्ताची प्रसन्नता म्हटले आहे आणि कल्याण करणाऱ्या आईप्रमाणे ती योग्याला सांभाळते असे सांगितले आहे. पकड सोडूनही सांभाळले जाणे म्हणजे काय, हे त्या मोकळ्या पाठीकडे पाहून जितके उमगते तितके भाष्य वाचून उमगत नाही.

‘विश्वास’ हा शब्द श्वस्, म्हणजे श्वास घेणे, या धातूपासून आला आहे, आणि बुजरा घोडा थबकतो त्या क्षणी त्याचा अर्थ अगदी जवळून दिसतो. घोड्याचे कान समोर रोखलेले असतात, मान ताठ असते, आणि वर बसलेल्या माणसाने आपला श्वास रोखून धरला आहे हे त्याचे त्यालाही कळलेले नसते. तो श्वास सुटला, मूठ बोटभर सैल झाली, तर काही वेळाने खोगिराखाली बरगड्या फुगून ओसरल्याचे मांडीला जाणवते, एक कान मागे स्वाराकडे वळतो, नाकपुड्यांतून लांब फुर्र असा आवाज येतो आणि मान हळूहळू खाली येते.